रॅममधलं फोल्डर: लिनक्सवर टीएमपीएफएस नीट समजून कसं लावायचं

आधी एक छोटी गोष्ट करून बघा, टर्मिनल उघडा आणि त्यात डीएफ -एच एवढंच टाइप करून एंटर मारा. जी यादी येईल त्यात तुमच्या डिस्कच्या ओळी असणारच, पण त्यांच्यासोबत टीएमपीएफएस असं लिहिलेल्या तीन-चार ओळी पण दिसतील, एक /रन ची, एक /डेव्ह/एसएचएम ची, एक /रन/युजर/१००० ची, आणि काही मशीनवर /टीएमपी ची सुद्धा. ह्या फोल्डरमधलं काहीच डिस्कवर नसतं, सगळं रॅममध्ये असतं. म्हणजे मेमरीत फायली ठेवायची सोय तुम्ही काहीही न करता आधीपासूनच चालू आहे, तुमचा डेस्कटॉप, ब्राउझर, साउंड सगळेच ती वापरतायत. आपल्याला फक्त आपल्या कामासाठी अजून एक असं फोल्डर बनवायचंय आणि ते बनवताना नक्की काय होतं ते कळलं पाहिजे, कारण कमांड एका ओळीची आहे, ती कुठूनही मिळेल, पण न समजता लावली की नंतर मशीन अडकतं किंवा फायली जातात आणि मग माणूस रॅमलाच दोष देतो.

एक आधीच सांगून ठेवते, कमांड मी इथे उच्चारासारख्या देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना त्या नेहमीच्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या, साइझमधला जी किंवा एम तेवढा कॅपिटल, आणि आकडे पण इंग्रजी.

आता मुख्य गोष्ट. ती म्हणजे पेज कॅशे. तुम्ही एखादी फाइल उघडता तेव्हा लिनक्स ती डिस्कवरून रॅममध्ये आणतं आणि तुम्ही फाइल बंद केली तरी ती प्रत रॅममध्ये तशीच राहू देतं, पुन्हा लागली तर डिस्कपर्यंत जायला नको म्हणून. ह्या साठवणीला पेज कॅशे म्हणतात, पेज म्हणजे मेमरीचा एक तुकडा, नेहमीच्या कॉम्प्युटरवर ४ केबीचा. तुम्ही फाइलमध्ये काही बदललं की बदल पण आधी ह्या रॅममधल्या पेजवरच होतो, त्या पेजवर "डर्टी" अशी खूण लागते, आणि थोड्या वेळाने कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य गाभा, ते पेज डिस्कवर लिहून खूण काढून टाकतो. खूण निघाली म्हणजे पेज "क्लीन" झालं, आणि क्लीन पेज कधीही फेकून देता येतं कारण त्याची प्रत डिस्कवर आहेच. मेमरी कमी पडली की कर्नल आधी हीच क्लीन पेजेस सोडतो.

आता ह्यातली डिस्क काढून टाका. फाइल रॅममध्ये आहे, पेज कॅशेमध्येच आहे, पण मागे लिहायला डिस्कच नाही, त्यामुळे ते पेज कधीच क्लीन होत नाही आणि कर्नल ते कधीच फेकू शकत नाही. झालं, एवढंच. हाच रॅमएफएस, आणि तो लिनस टोरवाल्ड्सने लिहिलाय, अगदी लहानसा कोड आहे कारण सगळं काम पेज कॅशेचं यंत्रच करतं. फक्त त्याला मर्यादा नाही, तुम्ही लिहीत राहिलात तर तो रॅम संपेपर्यंत लिहू देतो आणि मग मशीन बसतं. म्हणून त्यावर दोन गोष्टी वाढवल्या, एक म्हणजे साइझची मर्यादा आणि दुसरी म्हणजे गरज पडली तर पेजेस स्वॅपमध्ये, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या राखीव जागेत, ढकलायची परवानगी, आणि जे तयार झालं ते टीएमपीएफएस. लिनक्समध्ये ते कर्नल २.४ पासून आहे, म्हणजे २००१ पासून.

मला स्वतःला हे कळायला बराच वेळ लागला. आधी माझ्या डोक्यात असं होतं की रॅमचा एक भाग कापून बाजूला काढायचा आणि त्याची डिस्क बनवायची, आणि इंटरनेटवरच्या खूप जुन्या लेखांत तसंच सांगितलेलं असतं, कारण जुनी पद्धत खरंच तशी होती. तिला रॅमडिस्क म्हणतात, बीआरडी नावाचं मॉड्यूल लोड केलं की /डेव्ह/रॅम० असं डिव्हाइस मिळतं, त्याची साइझ आधीच ठरवायची, मग त्यावर एमकेएफएसने फाइलसिस्टम बनवायची, मग माउंट करायचं, म्हणजे एखाद्या फोल्डरच्या जागी जोडायचं. त्यात गंमत अशी की ती खोटी डिस्क असल्यामुळे कर्नल तिच्यावरच्या फायली पुन्हा पेज कॅशेमध्ये कॉपी करून घेतो, म्हणजे एकच डेटा रॅममध्ये दोनदा. फाइलसिस्टमचा कोड टेस्ट करायचा असेल आणि त्यासाठी ब्लॉक डिव्हाइसच, म्हणजे डिस्कसारखं डिव्हाइसच, लागत असेल तर ती पद्धत आजही उपयोगी आहे, पण साध्या कामाला नको. कुठल्या लेखात एमकेएफएसची पायरी दिसली तर समजायचं की हा टीएमपीएफएसबद्दल नाहीये.

पेज कॅशेची गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं आपोआप समजतं. उदाहरणार्थ साइझ. तुम्ही ४ जीबीचं टीएमपीएफएस बनवलं म्हणजे ४ जीबी रॅम लगेच गेली असं नाही. रिकामं असताना ते जवळपास काहीच घेत नाही, जेवढ्या फायली ठेवाल तेवढीच मेमरी जाते आणि फाइल डिलीट केली की लगेच परत मिळते. साइझ हा फक्त वरचा कठडा आहे. साइझ दिलीच नाही तर तो कठडा रॅमच्या निम्म्यावर असतो, १६ जीबी रॅम असेल तर ८ जीबी. आणि हे प्रत्येक टीएमपीएफएससाठी वेगळं धरलं जातं, म्हणजे तुम्ही साइझ न देता तीन बनवली तर तिघांची मिळून मर्यादा रॅमच्या दीडपट होते, कर्नल त्याबद्दल काही तक्रार करत नाही. म्हणून साइझ कायम स्वतः द्यायची, ही सवयच लावून घ्या.

चला, आता बनवूया. आधी एक रिकामं फोल्डर:

सुडो एमकेडिर -पी /एमएनटी/रॅम

मग माउंट:

सुडो माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइझ=२जी,मोड=१७७७ टीएमपीएफएस /एमएनटी/रॅम

ह्यात -टी नंतर फाइलसिस्टमचा प्रकार येतो, -ओ नंतर ऑप्शन, स्वल्पविरामाने जोडलेले आणि मध्ये स्पेस न देता, हे महत्त्वाचं आहे, स्वल्पविरामानंतर सवयीने स्पेस पडली की कमांड चुकते. शेवटून दुसरा टीएमपीएफएस हा शब्द म्हणजे खरं तर जिथे नेहमी डिस्कचं नाव येतं ती जागा आहे, आपल्याकडे डिस्क नाही म्हणून तिथे काहीही लिहिलं तरी चालतं, लोक टीएमपीएफएसच लिहितात, पण मी तिथे कामाचं नाव लिहिते, म्हणजे बिल्ड किंवा टेस्ट वगैरे, डीएफच्या यादीत पहिल्या कॉलमला तेच नाव दिसतं आणि कुठलं फोल्डर कशाचं ते पटकन कळतं. मोड=१७७७ म्हणजे सगळ्यांना लिहिता येईल पण डिलीट ज्याची त्यालाच करता येईल, /टीएमपी ची परमिशन असते तशी. फोल्डर फक्त तुमच्यासाठी हवं असेल तर मोड=०७००,यूआयडी=१००० असं द्या, १००० च्या जागी तुमचा नंबर, तो आयडी -यू केल्यावर कळतो.

आता हे खरंच रॅममध्ये आहे का ते डोळ्यांनी बघायचं, हा भाग चुकवू नका, दोन मिनिटं लागतात पण पुढचा सगळा गोंधळ टळतो. फ्री -एच चालवा आणि तीन आकडे कागदावर लिहून ठेवा, शेअर्ड, बफ/कॅशे आणि अव्हेलेबल. मग १ जीबीची फाइल बनवा:

डीडी इफ=/डेव्ह/झीरो ऑफ=/एमएनटी/रॅम/चाचणी बीएस=१एम काउंट=१०२४

पुन्हा फ्री -एच. शेअर्ड साधारण १ जीबीने वाढलेलं दिसेल, बफ/कॅशे पण तेवढंच वाढलेलं दिसेल, आणि अव्हेलेबल १ जीबीने उतरलेलं. आता फाइल आरएमने उडवा आणि परत बघा, तिन्ही आकडे जागेवर. हे एकदा स्वतः बघितलं की टीएमपीएफएस कुठे राहतं ते वेगळं समजवावं लागत नाही.

आणि इथेच एक मोठी फसगत पण आहे. आपण सगळे शिकलोय की बफ/कॅशे मोठं दिसलं तर घाबरायचं नाही, ती मेमरी हवी तेव्हा मोकळी होते. बरोबर आहे, पण त्यातला जो भाग टीएमपीएफएसचा असतो तो मोकळा होत नाही, कारण मघाशी बघितलं तसं त्याच्या मागे डिस्कच नाही. कॅशे रिकामी करायची जी कमांड लोक वापरतात, ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहायची, ती पण ह्याला हात लावत नाही. म्हणून सर्व्हरवर मेमरी कुठे गेली हे शोधताना टॉप ह्या कमांडच्या यादीतल्या प्रोसेस सगळ्या जोडल्या तरी हिशेब लागत नसेल तर शेअर्डचा कॉलम बघा, किंवा /प्रॉक/मेमइन्फो मधली एसएचमेम ही ओळ बघा. बऱ्याच वेळा कुठल्यातरी टीएमपीएफएसमध्ये जुन्या लॉग फायली साचलेल्या सापडतात, आणि त्या कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसल्यामुळे टॉपमध्ये दिसणारच नसतात.

साइझ कमी पडली तर सगळं काढून परत लावायची गरज नाही:

सुडो माउंट -ओ रीमाउंट,साइझ=४जी /एमएनटी/रॅम

आतल्या फायली तशाच राहतात, चालू कामाला धक्का लागत नाही. कमी पण करता येते, फक्त आत जेवढं भरलंय त्यापेक्षा खाली नाही, तसं केलं तर कमांड नकार देते, फायली कापत नाही. काम झालं की यूमाउंट, स्पेलिंगमध्ये एन नाही, बरेच जण तिथे अडकतात:

सुडो यूमाउंट /एमएनटी/रॅम

ही कमांड दिल्या क्षणी आतलं सगळं गेलं. विचारणार नाही, रिसायकल बिनमध्ये जाणार नाही, कुठल्याही रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने परत येणार नाही. आणि "टार्गेट इज बिझी" असं आलं तर कोणीतरी त्या फोल्डरमध्ये बसलंय, बहुतेक वेळा तुमचंच दुसरं टर्मिनल, नाहीतर एलएसओएफला फोल्डरचा पत्ता देऊन बघा कोण आहे.

हे आत्तापर्यंतचं सगळं रीस्टार्टला पुसलं जातं, फायली तर जातातच पण माउंट पण जातं. दर वेळी फोल्डर आपोआप तयार हवं असेल तर /ईटीसी/एफएसटॅब मध्ये एक ओळ लिहायची:

टीएमपीएफएस /एमएनटी/रॅम टीएमपीएफएस साइझ=२जी,मोड=१७७७,नोसुइड,नोडेव्ह ० ०

सहा खाने आहेत, काय माउंट करायचं, कुठे, प्रकार, ऑप्शन, आणि शेवटचे दोन शून्य म्हणजे डंप (जुन्या पद्धतीचा बॅकअप) नको आणि बूटच्या वेळी डिस्क तपासणी नको, रॅमची काय तपासणी करणार. नोसुइड आणि नोडेव्ह सुरक्षेसाठी आहेत, सगळ्यांना लिहिता येणाऱ्या फोल्डरला ते असलेले बरे. काही जण नोएक्झेक पण घालतात म्हणजे त्या फोल्डरमधून प्रोग्राम चालवताच येत नाही, चांगली गोष्ट आहे पण /टीएमपी ला लावताना विचार करा, कारण अनेक इन्स्टॉलर स्वतःला /टीएमपी मध्ये उलगडून तिथूनच स्क्रिप्ट चालवतात आणि मग "परमिशन डिनाइड" येतं आणि कारण लवकर सापडत नाही.

एफएसटॅबमध्ये काही लिहिलं की रीस्टार्ट करायच्या आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा आणि मग सुडो माउंट -ए. ओळीत चूक असेल तर आत्ताच कळेल. एफएसटॅबमधल्या चुकीमुळे मशीन बूट होताना मध्येच थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊ शकतं, आणि समोर बसलेलं मशीन असेल तर ठीक, पण लांबचा सर्व्हर असेल तर तो त्रास खूप मोठा आहे.

आता मी स्वतः काय चूक केली ते सांगते कारण ती कोणाकडूनही होईल. एका प्रोजेक्टचं बिल्ड नावाचं फोल्डर होतं, त्यात बऱ्याच दिवसांच्या तयार फायली आणि काही हाताने लिहिलेल्या सेटिंग होत्या, आणि मी ठरवलं की हेच फोल्डर रॅमवर टाकू म्हणजे कंपाइल पटापट होईल, म्हणून नवीन फोल्डर न करता थेट त्याच्यावरच टीएमपीएफएस माउंट केलं. आत बघितलं तर रिकामं. सगळं गेलं असं वाटून माझे हातपाय गार पडले. पण गेलं काहीच नव्हतं, माउंट केल्यावर जुन्या फोल्डरवर नवीन फाइलसिस्टम पसरते आणि खालच्या फायली झाकल्या जातात, डिस्कवर त्या जशाच्या तशा असतात. यूमाउंट केलं आणि सगळं परत दिसलं. खरं नुकसान कधी होतं, तर माणूस त्या गोंधळात नवीन फायली बनवून वर ठेवतो, त्यावर दिवसभर काम करतो, आणि संध्याकाळी जुन्या फायली परत मिळवायला यूमाउंट करतो, तेव्हा जुन्या येतात आणि दिवसभराचं काम जातं. म्हणून माउंटसाठी कायम नवीन, रिकामं फोल्डर.

वेगाबद्दल पण खरं बोलूया, कारण ह्याच्यावर खूप अतिशयोक्ती चालते. आकडे बघितले तर फरक प्रचंड आहे, फिरणाऱ्या हार्डडिस्कला एक तुकडा शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी, आणि रॅमला साधारण १०० नॅनोसेकंद, म्हणजे हार्डडिस्कच्या मानाने लाखपट कमी. पण ह्याचा अर्थ तुमचं काम लाखपट पटकन होईल असा नाही. कारण पेज कॅशे! जी फाइल तुम्ही एकदा वाचली ती आधीच रॅममध्ये आहे, डिस्कवर असली तरी दुसऱ्यांदा वाचताना ती रॅममधूनच येते. त्यामुळे मोठा प्रोग्राम टीएमपीएफएसमध्ये कॉपी करून तिथून चालवला की खूप फरक पडेल असं वाटतं पण पडत नाही, कॉपी करायला जो वेळ गेला तोच पहिल्यांदा उघडायला गेला असता. ज्याला फक्त वाचायचंय त्याला टीएमपीएफएसचा फायदा फार थोडा, उलट कर्नलला जी मेमरी कॅशेसाठी मोकळेपणाने वापरता आली असती ती तुम्ही अडवून बसता.

फायदा खरा होतो तो लिहिण्यात, आणि त्यातही जिथे एफसिंक होतं तिथे. एफसिंक म्हणजे प्रोग्राम कर्नलला सांगतो की हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर पक्कं लिही आणि लिहून होईपर्यंत मी थांबतो. डेटाबेस हे प्रत्येक व्यवहाराला करतात, करायलाच पाहिजे, वीज गेली तरी नोंद टिकली पाहिजे. टीएमपीएफएसवर एफसिंकला करण्यासारखं काहीच नसतं म्हणून ते ताबडतोब परत येतं. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या टेस्ट चालवताना जो तात्पुरता डेटाबेस बनतो आणि टेस्ट संपली की फेकून दिला जातो, तो अख्खा टीएमपीएफएसवर ठेवला तर टेस्ट खरंच खूप कमी वेळात होतात, मी स्वतः हे नेहमी करते आणि मला तरी टीएमपीएफएसचा सगळ्यात चांगला उपयोग हाच वाटतो. पण अख्खा, अर्धा नाही! खऱ्या पोस्टग्रेस डेटाबेसची फक्त एक टेबलस्पेस, म्हणजे त्यातल्या काही टेबलांच्या फायली ठेवायची जागा, रॅमवर ठेवायची कल्पना कोणी सुचवली तर ऐकू नका, पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपत्रातच लिहिलंय की तसं केल्याने सगळ्या क्लस्टरचा, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसचा, भरवसा धोक्यात येतो, कारण रीस्टार्टनंतर ती टेबलस्पेस नसते आणि बाकीचा डेटाबेस तिची वाट बघत असतो.

कंपाइल करतानाच्या मधल्या फायली, झिप उलगडून त्यातून एकच गोष्ट काढायची असते तेव्हाचा पसारा, फोटोंचे तात्पुरते थंबनेल, मिनिटाला शेकडो वेळा बदलणाऱ्या छोट्या स्टेटस फायली, हे सगळं ह्याच्यात शोभतं, एसएसडीवरचं लिहिणं पण तेवढं वाचतं. कसोटी एकच ठेवा, आत्ता ह्या क्षणी वीज गेली तर ही फाइल पुन्हा बनवता येईल का. येत असेल तर ठेवा. अर्धवट लिहिलेलं पत्र, डाउनलोड केलेली आणि परत न मिळणारी फाइल, कोणाचे फोटो, हे पाच मिनिटांसाठी पण नको, कारण ती पाच मिनिटं कधी संपत नाहीत.

ह्याचाच दुसरा भाग /टीएमपी चा. फेडोराने २०१३ च्या जानेवारीत आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून /टीएमपी रॅमवर नेलं आणि डेबियनने २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीत. म्हणजे तुम्ही काही लावलं नसेल तरी तुमचं /टीएमपी आज टीएमपीएफएस असू शकतं, फाइंडएमएनटी /टीएमपी करून बघा, उत्तर रिकामं आलं तर ते डिस्कवरचं साधं फोल्डर आहे. रीस्टार्टनंतर पण टिकायला हवी अशी तात्पुरती फाइल असेल तर तिची जागा /व्हार/टीएमपी, ते त्यासाठीच वेगळं ठेवलंय, आणि त्याला टीएमपीएफएस अजिबात लावू नका. मोठ्या कामांना पण /व्हार/टीएमपी कडे वळवा. सॉर्ट कमांड घ्या, ती मोठी फाइल लावताना मधले तुकडे /टीएमपी मध्ये ठेवते, मेमरी वाचवायला म्हणून, पण /टीएमपी च रॅममध्ये असेल तर वाचवलेली मेमरी परत तिथेच गेली! २० जीबीची फाइल सॉर्ट करताना अर्ध्यात "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" येतं आणि डिस्कवर शेकडो जीबी मोकळे दिसत असतात. सॉर्टला -टी मोठ्या टीने लिहून पुढे /व्हार/टीएमपी दिलं की प्रश्न सुटतो, बाकीच्या बऱ्याच प्रोग्रामना टीएमपीडिर हे व्हेरिएबल (हे मात्र सगळं कॅपिटल अक्षरांत) दिलं की ऐकतात. आणि रॅम फारच कमी असेल, ४ जीबी वगैरे, तर सुडो सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट करून रीस्टार्ट करा, /टीएमपी परत डिस्कवर येईल, त्यात कमीपणा काही नाही.

जागा शिल्लक असताना जागा नाही असं येण्याची अजून एक तऱ्हा आहे. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिची माहिती ठेवणारी नोंद, लागतो आणि टीएमपीएफएसमध्ये आयनोडची पण मर्यादा असते, तुम्ही काही दिलं नाही तर रॅममध्ये जेवढी पेजेस बसतात त्याच्या निम्मी, म्हणजे ८ जीबीच्या मशीनवर साधारण १० लाख. खूप वाटतं, पण लाखो बारक्या फायलींचं काम असेल तर संपतं. डीएफ -आय करून बघायचं आणि एनआर_आयनोड्स हा ऑप्शन वाढवायचा. बारक्या फायलींबद्दल हे पण लक्षात ठेवा की १० बाइटची फाइल पण अख्खं ४ केबीचं पेज घेते, त्यामुळे १० लाख अशा फायली म्हणजे मजकूर फक्त १० एमबी आणि मेमरी जवळपास ४ जीबी.

आणि साइझ किती द्यायची. कर्नलच्या माहितीपत्रात स्पष्ट इशारा आहे की टीएमपीएफएस फार मोठं ठेवलं तर मशीन अडकून पडू शकतं, कारण मेमरी संपल्यावर जो ओओएम किलर येतो तो प्रोसेस मारू शकतो पण टीएमपीएफएसमधल्या फायली मोकळ्या करू शकत नाही. म्हणजे भरलेली असते फाइल आणि मरतो बिचारा ब्राउझर किंवा डेटाबेस, आणि मारूनही मेमरी सुटत नाही म्हणून तो अजून एकाला मारतो. माझा हिशेब असा असतो की आठवडाभर नेहमीचं काम करताना फ्रीमधलं अव्हेलेबल सगळ्यात कमी किती होतं ते बघायचं आणि त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त साइझ द्यायची नाही. स्वॅप थोडी तरी ठेवा, म्हणजे टीएमपीएफएसमध्ये पडून राहिलेल्या आणि कोणी न वापरणाऱ्या फायली तिकडे सरकतील.

पण स्वॅपमुळेच एक प्रश्न उभा राहतो तो पासवर्ड आणि किल्ल्यांचा. बरेच लोक गुप्त गोष्टी टीएमपीएफएसमध्ये ठेवतात, डिस्कवर काही खूण राहायला नको म्हणून, आणि विसरतात की मेमरीचा दबाव आला की तीच पेजेस स्वॅपमधून डिस्कवर उतरतात आणि मशीन बंद केल्यावरही तिथे पडून राहू शकतात. कर्नल ६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून, टीएमपीएफएसला नोस्वॅप असा ऑप्शन आलाय, तो माउंटच्या ऑप्शनमध्ये घातला की ती पेजेस रॅम सोडत नाहीत. कर्नल त्याहून जुना असेल तर रॅमएफएस वापरा, तो मुळातच स्वॅपमध्ये जात नाही, फक्त त्याला साइझची मर्यादा नसते, त्यामुळे मोड=०७०० देऊन फक्त एकाच युजरच्या हातात ठेवा. आणि लॅपटॉप हायबरनेट करत असाल तर हे पण पुरेसं नाही, कारण हायबरनेट म्हणजे रॅममधला मजकूर डिस्कवर लिहून ठेवणंच झालं, तिथे स्वॅप एन्क्रिप्ट केलेली असणं हाच उपाय.

शेवटी एक प्रश्न नेहमी येतो की बंद करताना आतलं सगळं डिस्कवर कॉपी करून ठेवायचं आणि चालू करताना परत आणायचं, असं जमेल का. जमतं, एक सिस्टमडी सर्व्हिस लिहायची (सिस्टमडी म्हणजे मशीन चालू-बंद होताना कामं सुरू-बंद करणारी व्यवस्था), सुरू होताना आरसिंक ह्या कॉपीच्या कमांडने डिस्कवरून रॅमकडे आणि थांबताना आरसिंकने रॅमकडून डिस्ककडे, आणि दर १५ मिनिटांनी एक टाइमर मधली कॉपी घेत राहील. लोक ब्राउझरच्या प्रोफाइलसाठी असं करतात आणि चालतं पण. फक्त ती मधली कॉपी विसरू नका, कारण थांबतानाची कॉपी तेव्हाच होते जेव्हा मशीन रीतसर बंद होतं, वीज गेली किंवा बॅटरी संपली तर ती पायरी येतच नाही, आणि मग तुमच्याकडे तेवढंच उरतं जेवढं टाइमरने शेवटचं उतरवलं होतं.